बोटीवर बॅटरी बँक जोडताना

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, आणि खरी गोची तिथेच आहे. घरातला पंख्याचा स्विच खोलताना माणूस तीन वेळा मेन बंद केलाय का बघतो. बोटीवरच्या बॅटऱ्यांपुढे मात्र बोटात अंगठी, मनगटावर स्टीलचं घड्याळ आणि हातात उघडा पाना घेऊन बिनधास्त बसतो. मीही तसाच बसलो होतो. तेरा नंबरच्या पान्याचं एक टोक प्लसच्या नटवर होतं, हात घसरला आणि दुसरं टोक शेजारच्या बॅटरीच्या मायनसला टेकलं. फट्ट आवाज झाला, डोळ्यांपुढे निळं-पांढरं काहीतरी चमकलं आणि पाना उडून खाली पडला. त्याच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढी खाच पडली होती. तो पाना मी टाकला नाही. आता त्याला मुठीपासून टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे.

१०० अँपियर-तासांची (म्हणजे १ अँपियर १०० तास देईल एवढ्या क्षमतेची) चांगली लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्ट झाली, तर क्षणभरात हजार-दोन हजार अँपियर ओकते. अंगठी मध्ये आली तर ती बोटावरच तापून लाल होते. म्हणून पहिलं काम म्हणजे अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवणं. डोळ्यांवर चष्मा चढवा. पान्यांना टेप लावा. हा लेख फक्त डीसी, म्हणजे बॅटरीच्या विजेच्या बाजूचा आहे. धक्क्यावरून येणारी एसी वीज आणि इन्व्हर्टरची एसी बाजू ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडूनच करून घ्या.

आधी कागद

बॅटऱ्या विकत घेण्याआधी चोवीस तासांचा हिशोब मांडा. नमुन्यादाखल एका मध्यम शिडाच्या बोटीचा बघू. फ्रीज ४.५ अँपियर घेतो, पण निम्मा वेळच चालतो, म्हणजे १२ तासांचे ५४ अँपियर-तास. ऑटोपायलट ३ अँपियर, ८ तास, २४. नकाशा दाखवणारा प्लॉटर १.५ अँपियर, १० तास, १५. एलईडी दिवे ५, नांगर टाकल्यावरचा दिवा २, पाण्याचा पंप २, व्हीएचएफ रेडिओ आणि फोन मिळून ८. बेरीज ११०.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणून ११० साठी निदान २२० अँपियर-तासांची बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, हवा. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरली तरी चालते, तिथे १४० पुरते. हे आकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा चार्जिंग मिळेल असं धरून आहेत. दोन दिवस ढग आणि इंजिन बंद, असा प्रवास असेल तर त्या मानाने वाढवा.

इंजिन सुरू करण्याची बॅटरी या बँकेत मिसळू नका. ती वेगळीच राहू द्या. रात्रभर फ्रीज चालला आणि सकाळी स्टार्टर नुसता ‘टक’ म्हणून गप्प बसला, तर मागे खडक आणि पुढे वारा असताना काय करायचं हा प्रश्न कुणावर येऊ नये.

कागदावर आकृतीही काढा. प्रत्येक केबल कुठून निघते, किती लांब, मध्ये कोणता फ्यूज. हातानं काढलेली वेडीवाकडी चालेल.

जागा आणि बांधणी

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एका ठिणगीत स्फोट होऊ शकतो. हा वायू हवेपेक्षा हलका, त्यामुळे बॅटरीच्या खोक्याला वरच्या बाजूने बाहेर जाणारी वाट हवी. खाली भोकं पाडून उपयोग नाही. एजीएम आणि जेल या बंद जातीच्या बॅटऱ्या साधारण वायू सोडत नाहीत, पण जास्त चार्ज झाल्या तर त्यांचा व्हॉल्व्ह उघडतो, म्हणून हवेची सोय त्यांनाही लागते. चार्जर किंवा इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी डोक्यावर बसवू नका. आणि पेट्रोल इंजिन असेल तर त्या कप्प्यातली प्रत्येक विद्युत वस्तू पेट्रोलच्या वाफा न पेटवणारी, म्हणजे ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ असली पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी दबा धरून बसते.

बांधणीचं काम लोक सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत उरकतात. १०० अँपियर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीसेक किलोची असते. बोट कलली आणि अशा चार बॅटऱ्या सुटल्या, तर सव्वाशे किलो शिसं फिरायला निघतं आणि जाताना केबलीही उपटून नेतं. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा, म्हणजे एबीवायसीचा दंडक असा की बॅटरी कोणत्याही बाजूला एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आम्लाने न गंजणारा ट्रे, तळाला पक्क्या बोल्टांनी धरलेला, आणि वरून रुंद पट्टा किंवा पट्टी. पट्टा आवळल्यावर दोन्ही हातांनी बॅटरी गदागदा हलवून बघा. बोट उलटी झाली तरी जागच्या जागी राहील असं मनापासून वाटलं, तरच पुढे जा.

जोडणी: मालिका, समांतर आणि कोपऱ्याची गोष्ट

दोन १२ व्होल्ट, १०० अँपियर-तास बॅटऱ्या प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्या की १२ व्होल्ट, २०० अँपियर-तास मिळतात. ही समांतर जोडणी. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला की २४ व्होल्ट, पण १०० अँपियर-तासच. ही मालिका. साठलेली ऊर्जा दोन्हीत तेवढीच. सगळ्या बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्या. तीन वर्षं वापरलेल्या दोन बॅटऱ्यांना नवी जोडीदारीण आणून दिली, तर थोड्या दिवसांत नवीही त्यांच्या वळणावर जाते.

२४ व्होल्टच्या मालिकेतून एक मोह होतो: मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढून रेडिओ चालवायचा. करू नका. खालची बॅटरी जास्त रिकामी होते, चार्जर मात्र दोघींना सारखाच घास भरवतो, मग एक उपाशी आणि एक अजीर्णाने फुगलेली. त्यासाठी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो.

समांतर बँकेत सगळ्यात सर्रास दिसणारी चूक अशी. चार बॅटऱ्या ओळीत, प्लस-प्लस आणि मायनस-मायनस पट्ट्यांनी जोडलेल्या, आणि बोटीकडे जाणाऱ्या दोन्ही जाड केबली पहिल्याच बॅटरीवरून काढलेल्या. दिसायला सुटसुटीत. पण चौथ्या बॅटरीतला करंट बाहेर यायला जाताना तीन पट्ट्या आणि येताना तीन पट्ट्या ओलांडतो, पहिलीचा एकही नाही. एका पट्टीचा विरोध मिलिओहमचाही भाग असेल, पण बॅटरीचा अंतर्गत विरोधही मिलिओहममध्येच मोजतात, त्यामुळे फरक पडतो. पहिली बॅटरी राबराब राबते आणि आधी मरते. उपाय फुकट आहे: प्लसची केबल पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि मायनसची शेवटच्या बॅटरीवरून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून. दोन बॅटऱ्यांत यामुळे वाटणी अगदी सारखी होते, चारांत पुष्कळ सुधारते. चार किंवा जास्त असतील तर मी सरळ दोन जाड बसबार (अनेक केबली जोडायच्या धातूच्या पट्ट्या) बसवतो आणि प्रत्येक बॅटरीपासून तिथवर अगदी सारख्या लांबीच्या केबली ओढतो. लांबी सारखी म्हणजे सारखीच. एखादी जास्तीची वाटली तर वळसा घालून बसवायची, कापायची नाही.

फ्यूज

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं धरून ठेवा: बॅटरीच्या प्लसवरून निघणारी प्रत्येक केबल, मग ती कितीही बारीक असो, फ्यूजमधून गेली पाहिजे, आणि तो फ्यूज बॅटरीच्या जवळ पाहिजे. एबीवायसी ७ इंच, म्हणजे जेमतेम १८ सेंटिमीटर सांगते. केबल वेगळ्या आवरणातून नेली असेल तर काही सवलत आहे. अपवाद फक्त स्टार्टरच्या जाड केबलीचा, पण तिलाही मी योग्य मापाचा फ्यूज लावतो.

जवळ का? कारण फ्यूज त्याच्या पुढच्या केबलचं रक्षण करतो, मागच्या तुकड्याचं नाही. फ्यूज स्विच पॅनेलमध्ये तीन मीटरवर असेल, तर ते तीन मीटर उघडे. बोटीच्या कंपनाने केबल एखाद्या धारेवर घासत राहते. वर्षभरात इन्सुलेशन झिजतं. मग एका रात्री सगळी बँक त्या एका बिंदूतून रिकामी व्हायला लागते आणि थांबवायला मध्ये काहीच नसतं. घरी आग लागली तर माणूस बाहेर धावतो. बोटीच्या बाहेर पाणी असतं.

फ्यूजचं माप उपकरणावरून नाही, केबलवरून ठरतं. केबलला जेवढे अँपियर सोसतात त्यापेक्षा फ्यूज कमीच हवा, आणि नेहमीच्या भारापेक्षा सव्वापट तरी जास्त, नाहीतर उगाच उडत राहतो. या दोन आकड्यांच्या मध्ये जागाच उरत नसेल तर केबल जाड घ्यायची. फ्यूज मोठा करून प्रश्न सुटत नाही.

दुसरा आकडा लोक वाचतच नाहीत: फ्यूज जास्तीत जास्त किती करंट तोडू शकतो. फ्यूज वितळला तरी आत ठिणगीचा पूल पेटता राहू शकतो आणि करंट वाहतच राहतो. एएनएल जातीचे फ्यूज साधारण ६००० अँपियर तोडतात, क्लास टी २०,००० पर्यंत. लिथियमचा अंतर्गत विरोध फार कमी, तिचा शॉर्ट भयंकर असतो, म्हणून लिथियम बँकेच्या मुख्य केबलीवर क्लास टी, दुसरा विचार नको. बॅटरीच्या खांबावरच बसणारे एमआरबीएफ फ्यूज लहान लेड-अ‍ॅसिड बँकेला सोयीचे, जागा खात नाहीत.

आणखी एक. केबलच्या दोन्ही टोकांना विजेचा स्रोत असेल, जसं दोन बँकांना जोडणारी केबल, तर फ्यूज दोन्ही टोकांना लागतो. शॉर्ट मध्यभागी झाला तर दोन्हीकडून करंट धावतो.

केबलची जाडी

केबल दोन कारणांनी जाड लागते: तापू नये म्हणून, आणि व्होल्टेज वाटेत गळू नये म्हणून. १२ व्होल्टवर दुसरं कारण बहुतेक वेळा भारी पडतं. दिशादर्शक दिवे, पॅनेलची मुख्य केबल अशा महत्त्वाच्या गोष्टींना ३ टक्क्यांपर्यंतच घट चालते, बाकीच्यांना १०. हिशोब सोपा आहे. जातानाची आणि येतानाची मिळून मीटरमधली लांबी गुणिले अँपियर गुणिले ०.०१७५, आणि भागिले चालणारी घट व्होल्टमध्ये. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येतं.

पॅनेल बँकेपासून ४ मीटरवर आहे आणि जास्तीत जास्त ५० अँपियर जाणार. जाऊन येऊन ८ मीटर. १२ चे ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. ८ × ५० × ०.०१७५ म्हणजे ७; ७ भागिले ०.३६, १९.४. म्हणजे २५ चौरस मिलिमीटरची केबल. मग त्या केबलला उत्पादकाने दिलेली अँपियरची मर्यादा बघा. इंजिनच्या कप्प्यातून जात असेल तर ती आणखी कमी होते. उलट २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर धरा: आतली घट मोजून १९० अँपियरच्या आसपास. म्हणून इन्व्हर्टर बँकेच्या शेजारी बसवायचा आणि लांबच्या वाटेने एसी न्यायची.

केबल कल्हई केलेल्या, बारीक तारांच्या तांब्याची घ्या. घरगुती वायरिंगची जाड तारांची नको, ती कंपनाने थकून तुटते. कल्हईशिवायचं तांबं खाऱ्या हवेत कसं कळकतं हे मी जवळून पाहिलंय. एका जुन्या बोटीवर दिवे मंद झाले म्हणून लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) कापला. आतलं तांबं काळं. दोन इंच मागे कापलं, काळंच. आणखी अर्धा फूट, तरी काळं, मधूनमधून हिरवट भुकटी. खारं पाणी तारांच्या फटींतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत चढलं होतं. लालसर चकचकीत तांबं पाहायला जवळजवळ हात-दीड हात केबल कापावी लागली, आणि मग ती पुरेना म्हणून सगळीच बदलली. बाहेरून ती केबल नव्यासारखी होती.

लग आणि क्रिंप

बहुतेक भानगडी जोडात होतात. १०० अँपियर वाहत असताना एका जोडावर ०.२ व्होल्ट गळत असेल तर तिथे २० वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न जवळपास तेवढ्याच वॅटचं असतं, आणि ते तुम्ही प्लॅस्टिकच्या खोक्यात तासन्‌तास चालू ठेवलंय असं समजा.

केबल सरळ कापा, लगच्या नळीच्या खोलीएवढंच इन्सुलेशन सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका. आधी चिकटद्रव्य असलेली हीट श्रिंक नळी केबलवर सरकवून ठेवा. क्रिंप (लग केबलवर दाबून बसवणं) झाल्यावर आठवली तर उपयोग नाही, आणि ती सगळ्यांनाच एकदा क्रिंप झाल्यावर आठवते. लग त्याच मापाचा. क्रिंपिंग षटकोनी डायच्या हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याच्या हत्याराने करा. पक्कड, व्हाइस, छिन्नी-हातोडा यांनी नाही. पहिला क्रिंप बळी द्यायचा: करवतीने मधोमध कापून बघा. तारा एकजीव होऊन मधाच्या पोळ्यासारख्या दाबलेल्या दिसल्या पाहिजेत, मध्ये काळी भोकं नकोत. मग बाकीचे करा आणि प्रत्येक लग सगळा जोर लावून ओढून बघा. नुसत्या सोल्डरवर भरवसा नको. जोड तापला की सोल्डर मऊ होतं, आणि जिथे सोल्डर संपतं तिथे केबल कडक होऊन कंपनाने तुटते.

बॅटरीच्या खांबावर लग चढवताना क्रम असा: खांब, त्यावर थेट सगळ्यात जास्त करंटचा लग, मग कमी करंटचे, मग वायसर, स्प्रिंग वायसर, नट. स्टीलचा वायसर खांब आणि लग यांच्यामध्ये घालू नका. स्टील तांब्याच्या मानाने वीज फारच वाईट वाहून नेतं. एका खांबावर चारापेक्षा जास्त लग नकोत, आणि चारही आले तर बसबारची वेळ झाली असं समजा. नट बॅटरीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा. शिसं मऊ असतं, ताकदवान माणसाचा तिथे तोटाच होतो. शेवटी प्लसवर रबरी टोपी.

मायनस, स्विच आणि बिल्ज पंप

मायनसची केबल प्लसएवढीच जाड. करंट तेवढाच परत येतो. बॅटरी मॉनिटर बसवणार असाल तर त्याचा शंट (करंट मोजायचा तुकडा) मायनसवर येतो आणि बॅटरीच्या बाजूला त्याच्यावर फक्त बँकेची केबल असते. इंजिन, चार्जर, सोलर, सगळ्यांचे मायनस पलीकडच्या बाजूला. एक जरी चुकून अलीकडे राहिला तर मॉनिटर रोज थोडं थोडं खोटं बोलतो.

प्लसवर फ्यूजनंतर मुख्य स्विच, अंधारातही हात पोहोचेल असा. बोट सोडून जाताना तो बंद करायचा. पण बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा, आपोआप चालणारा बिल्ज पंप या स्विचच्या आधी, आपल्या वेगळ्या फ्यूजवर हवा, नाहीतर स्विच बंद केल्यावर बोट बुडायला मोकळी. त्याच्या वायरींचे जोड तळातल्या पाण्यापासून जमेल तितके वर घ्या. पाण्यात बुडालेल्या प्लसच्या जोडातून वीज झिरपते आणि शेजारचा धातू खाल्ला जातो.

इंजिन चालू असताना मुख्य स्विच फिरवून अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवणारं यंत्र) आणि बॅटरी यांची ताटातूट करू नका. सुटलेला करंट जायला जागा नसते, व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात.

लिथियमवाल्यांसाठी

वरची ताटातूट लिथियममध्ये बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा सर्किट बोर्ड, तुम्हाला न विचारता करू शकतो. सेलचं व्होल्टेज किंवा तापमान हाताबाहेर गेलं की तो बॅटरी तोडतो, आणि तेच त्याचं काम आहे. दुसरा त्रास म्हणजे रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढत राहते, आणि साधा अल्टरनेटर पूर्ण भारावर तासभर चालण्यासाठी बनवलेला नसतो. तो तापून जळतो. म्हणून अल्टरनेटर लेड-अ‍ॅसिड स्टार्टर बॅटरीला जोडलेला ठेवा आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरा. दोन्ही प्रश्न एकदम मिटतात. चार्जरवर लिथियमची सेटिंग हवी, १४.२ ते १४.४ व्होल्टच्या आसपास, आणि नक्की आकडा पुस्तिकेतला. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्जिंग अजिबात नाही. व्होल्टमीटर बघून लिथियम किती उरली ते कळत नाही, तिचं व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं. तिथे शंटच हवा.

वीज सोडण्याचा दिवस

सगळे फ्यूज काढून ठेवा. प्लस आधी जोडा, मायनस शेवटी. काढताना उलट, मायनस आधी. मायनस सुटलेला असेल तर प्लसवरचा पाना इंजिनला टेकला तरी काही होत नाही. शेवटचा मायनस टेकवण्याआधी तो आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मल्टिमीटर व्होल्टवर लावा. सगळं बंद, सगळे फ्यूज बाहेर असताना तिथे १२ व्होल्ट दिसले, तर कुठूनतरी वाट राहिली आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग एकेक फ्यूज घाला. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, ते रिकामे असताना थेट जोडले की जोरात ठिणगी पडते. २५ ते ५० ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद फ्यूजच्या दोन टोकांना टेकवून कपॅसिटर आधी भरून घ्या, मग फ्यूज बसवा.

आता मोठा भार लावा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच चालू ठेवा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या खांबावरच, दुसरी लगवर. मिलिव्होल्टमध्ये थोडंफार दिसेल ते ठीक. एखादा जोड इतरांच्या कितीतरी पट दाखवत असेल तर तो खोला, घासा, पुन्हा बसवा. समांतर बँकेत क्लॅम्प मीटरने प्रत्येक बॅटरीचा करंट मोजा. फार फरक असेल तर कोपऱ्यांची भानगड राहिली आहे. भार बंद केल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. तो नसेल तर लगजवळच्या इन्सुलेशनला बोटाची मागची बाजू जपून लावा. इतरांपेक्षा गरम लागलेला लग पुन्हा कापून नवा.

सगळं जमलं की प्रत्येक नटवर, नट आणि लग दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक रेघ मारा. आकृतीची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा, केबलींना नावं लावा. पहिली सफर झाली की झाकण उघडून रेघा बघा. माझ्या मागच्या जोडणीत बारापैकी दोन तुटलेल्या दिसल्या होत्या, आणि त्यातली एक मुख्य फ्यूजचीच होती.